तीन डुलक्या आणि एक उडी

लोणंदला कांद्याच्या बाजारामागं पत्र्याची एक शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती. आत आकाराम सुतार बैलगाड्या करायचा, आणि ज्याला गाडी हवी त्याला शेड सापडायचीच. वय बासष्ट. अंग वाळलेल्या बाभळीसारखं, कानावर पेन्सिल, आणि बोलणं पटाशीनं तासल्यासारखं.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. बाभळीचा ओंडका दोन पावसाळे ओढ्यात भिजल्याशिवाय आणि एक वर्ष सावलीत वाळल्याशिवाय तो त्याला करवत लावत नसे. चाक जोडून झालं की ते आखावर चढवायचं, शेजारी जमिनीत एक काडी रोवायची, काडीचं टोक चाकाच्या कडेला शिवेल न शिवेल असं ठेवायचं आणि चाक फिरवायचं. काडी कुठं घासली किंवा फट वाढली, की चाक परत खोलायचं. गिऱ्हाईक बैल घेऊन दारात उभं असलं तरी.

"आकारामदा, एवढ्याशानं काय हुतंय?" एखादा म्हणायचा.

"तुला काय हुत न्हाई. बैलाच्या मानंला इचार."

१९९५ साल येईपर्यंत ही रीत बिनकामाची होऊन बसली होती. उसाच्या गाड्यांना रबरी टायर लागले होते आणि चार वर्षांत एकाही माणसानं पुरी लाकडी गाडी सांगितली नव्हती. आकाराम दारं, खाटा, कुळवाचे दांडे करायचा. पण ओढ्यातून काढून वाळवलेले ओंडके त्यानं विकले नव्हते. अजून एक गाडी करायची होती. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याची बायको मनुबाई साठीला टेकलेली. आठवड्याचे सहा दिवस ती नवऱ्याचं ऐकून घ्यायची, सातव्या दिवशी नाही. रविवारी सकाळी साडेनऊला शेजारच्या लीलाबाईच्या रंगीत टीव्हीवर 'मुंगसेमामांची डुलकी' लागायची. हातानं काढलेल्या चित्रांची, पोरांसाठीची मालिका. गळ्यात मफलर गुंडाळलेला एक मुंगूस बैलगाडी हाकतो, रानातली जनावरं गाडीत बसतात, वाटेत काहीतरी घोटाळा होतो आणि बाजार उठायच्या आत निस्तरतो. गाडीचं नाव डुलकी, कारण ती सरळ चालत नाही. तीनदा डुलते आणि चौथ्यांदा टुणकन उडी मारते. उडी मारली की आत बसलेले सगळे वीतभर वर जातात आणि परत आपापल्या जागेवर पडतात. गाडीला दोन बैल, तेही झोपेत चालणारे. लोणंदची पोरं शाळेला जाताना तशीच चालायची, तीन पावलं डुलत आणि चौथ्याला उडी. मनुबाई शेंगा फोडत टीव्हीसमोर बसायची, पोरांच्या पुढं, आणि उडीला पोरांबरोबर 'हुप्प' म्हणायची.

"म्हातारपणी चित्रं बगती," आकाराम म्हणायचा.

"तरुणपणी कुणी दावली न्हाईत म्हणून," ती म्हणायची.

डिसेंबरात शेडपुढं एक जीप थांबली. पंचविशीतला एक मुलगा उतरला. बोटांना रंग लागलेला, खांद्याला झोळी. नाव निमिष. पुण्याच्या ज्या कंपनीनं ही मालिका काढली होती, ती आता तिच्यावरून टीव्हीसाठी तीन फिल्म करणार होती, चित्रांच्या जागी खऱ्या माणसांच्या. मुंगसेमामा म्हणजे मफलर घातलेला नट, जनावरं म्हणजे मुखवटे घातलेली मुलं. पहिली फिल्म वाईकडं, दुसरी सांगली जिल्ह्यात, तिसरीचं ठरायचं होतं. निमिषकडं सामानसुमान, कपडे आणि गाडी उभी करायचं काम होतं.

"वाईत चौकशी केली," तो म्हणाला. "चार जणांनी तुमचं नाव सांगितलं."

"आन् पाचवा?"

"पाचवा म्हणाला, तोंडाचे फटकळ आहेत."

"त्यो मला वळखतो."

'डुलकी' हा शब्द कानावर पडताच मनुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "डुलकी? आपल्या शेडात?"

"हो मावशी. हुबेहूब चित्रातल्यासारखी हवी. मुलांनी बघितली की ओळखली पाहिजे. आणि तिच्यात आठ मुलं बसली पाहिजेत. मुलं खरी आहेत, म्हणून गाडीही खरीच लागेल."

निमिष एक कॅसेट ठेवून गेला. लीलाबाईच्या टीव्हीला भाड्याचा व्हीसीआर जोडून आकारामनं ती बघितली. बघितली म्हणजे तपासली. पेन्सिल हातात घेऊन तो पडद्याच्या जवळ उकिडवा बसला.

"इथं नऊ आरं हायती," तो म्हणाला. "इथं अकरा. आन् नदी उतरल्यावर सात. बाकीचं काय वाहून गेलं?"

"गप बसून बगा की वं," मनुबाई म्हणाली.

घरी येताना त्यानं निकाल दिला. "चित्र काढणारा माणूस चांगला असंल, पर जल्मात गाडीला हात लावलेला न्हाई त्यानं. आख मधोमध न्हाई, आऱ्यांचा हिशेब न्हाई. डुलणार न्हाई तर काय करंल बिचारी? आपण नीट करून देऊ."

"आवं, ती डुलतीच! तिचं नावच त्ये हाय!"

"नाव पडलं म्हणून रोग तसाच ठिवायचा व्हय?"

आता यात चूक कुणाची म्हणावी? चाळीस वर्षं लोक त्याच्याकडं डुलणाऱ्या गाड्या घेऊन आले होते आणि सरळ करून घेऊन गेले होते. सरळ गाडी आणून ती डुलती करून मागणारं गिऱ्हाईक त्याच्या दारात कधी आलंच नव्हतं.

बावीस दिवस तो राबला. सकाळी सहाला शेडमध्ये, बाराला भाकरी, दिवस मावळताना अवजारं पुसून खुंटीला. चाकाच्या मधल्या तुंब्यात बसणारं आऱ्याचं प्रत्येक टोक त्यानं तीनदा बसवून तीनदा काढलं. चाकावर लोखंडी धाव चढवायला ज्ञानू लोहार आला. गोवऱ्यांच्या जाळात कडं लाल केलं, दोघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवलं आणि घागरीनं पाणी ओतलं. कडं आवळत गेलं तसे सांधे कुईकुई करत मिटले. ज्ञानूही साठीचा. तो म्हणाला, "आकाराम, आता ही चाकं आपल्या दोघांच्या नंतरबी फिरतील."

काडी रोवून चाक फिरवलं. काडी घासली नाही, फट वाढली नाही. अशी गाडी आकारामनंही आयुष्यात दोनतीनदाच केली होती.

ठरल्या दिवशी सोमवारी निमिष आला. बरोबर भार्गवी होती, फिल्मची दिग्दर्शिका. तिशीतली बाई, डोक्याला टोपी, बोलणं कमी. शेजारच्या लालासाहेबानं आपली पाखऱ्या-चिमण्या ही बैलजोडी जुंपली आणि गाडी बाजाराच्या मैदानात एक फेरी फिरली. आवाज नाही. तांब्यात पाणी भरून ठेवलं असतं तर सांडलं नसतं.

भार्गवीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाली, "आकारामकाका, इतकी सुंदर गाडी मी पाहिली नव्हती. पण ही चालते."

"मंग?"

"आम्हाला डुलणारी हवी होती."

आकारामचा चेहरा पडला नाही. त्याला कळलंच नाही. निमिषनं समजावलं तेव्हा कळलं, की त्यानं जो रोग बरा केला होता तोच या लोकांना हवा होता. मागं मनुबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

"बोल की," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू? बावीस दिस बोलत हुते तवा कुणी ऐकलं?"

भार्गवीनं अडचण सांगितली. पुढच्या सोमवारी वाईच्या पुढं कृष्णेकाठच्या माळावर शूटिंग सुरू होणार. मुंबईत एक प्लायवूडची गाडी तयार होती. ती हलकी, वाकड्या चाकांची, जीपला दोरीनं बांधून ओढता येईल अशी. तिच्यात दोनच मुलं बसली असती, बाकीची मागून पळवावी लागली असती. तरी काम निघालं असतं. "तुमचे कष्ट वाया जाणार नाहीत," ती म्हणाली. "ठरलेलं सगळं मिळेल तुम्हाला. गाडीही ठेवून घ्या."

"मला गाडी ठिवायची न्हाई," आकाराम म्हणाला. "मला ती चालल्याली बघायची हाय. सात दिस हायती का न्हाई?"

"सहा."

"मंग सा."

जीप गेली. आकारामनं शेडच्या कोपऱ्यातलं एक जुनं चाक काढलं, मधल्या तुंब्याचं भोक लाकडानं बुजवलं आणि चार बोटं बाजूला नवं पाडलं. चाळीस वर्षांच्या हाताला हे काम जमेना. पेन्सिलीनं खूण बाजूला करायची आणि गिरमिट आपोआप मधल्या अंगाला सरकायचं. दोनदा खूण पुसली, दोनदा परत केली. हात स्वतःचंच ऐकत होता. बुधवारी दुपारी ते चाक डाव्या बाजूला चढवून गाडी जुंपली.

गाडी डुलली. चांगली डुलली. पण चाक दर फेऱ्याला आदळायचं, दांड्या उचकटायच्या आणि जू बैलांच्या मानेवर दणका द्यायचं. मैदान अर्धं व्हायच्या आत चिमण्या खाली बसला. लालासाहेबानं जू काढून मान बघितली आणि आवाज चढवला.

"गड्या, सिनेमा तुझा, मान माझ्या बैलाची! फुडचा फेरा तू सोता जुंपून घे."

आकाराम बैलाजवळ गेला. त्यानं स्वतः चिमण्याच्या मानेला तेल-हळद लावली, चाक उतरवलं आणि भिंतीला टेकवून त्याच्याकडं पाठ करून बसला. बुधवार गेला होता. सहातले चार दिवस उरले होते.

मनुबाई चहा घेऊन आली. "झालं का मन भरून?"

"हुत न्हाई. चाक वाकडं केलं की बैल मरतंय. सरळ ठिवलं की डुलत न्हाई. येऊ दे ती मुंबईची."

"पर डुलकीची बैलं कुठं मरत्यात?"

"चित्रातल्या बैलाचं काय घेऊन बसलीस?"

"आवं, त्येच सांगते. ती झोपल्याली असत्यात. सगळ्या वाटंनं झोपूनच चालत्यात. गाडी उडी मारती, आतली सगळी वर उडत्यात, घंटा वाजती, मामाचा मफलर उडतो, पर बैलं काय जागी व्हत न्हाईत. मानंला धक्का बसला असता तर जागी झाली नसती का?"

आकारामनं कप खाली ठेवला. "पुन्यांदा सांग."

"बैलं जागी व्हत न्हाईत."

"कवाच?"

"एकदाबी न्हाई. मी काय उगं बघती व्हय दर आयतवारी?"

तो उठला आणि गाडीच्या खाली शिरला. तिथूनच त्याचा आवाज आला. "चाकाला हात लावायचाच न्हाई. चाक सरळ, आख सरळ, दांड्या सरळ. वरचा साटा तेवढा नाचवायचा."

साटा म्हणजे गाडीची बसायची फळ्यांची बैठक. ती एरवी आखावर पक्की बांधलेली असते. आकारामनं ती सोडवली. ट्रंकेच्या झाकणाला मागं बिजागऱ्या असतात तशा त्यानं साट्याच्या उजव्या अंगाला तीन बसवल्या. डावं अंग मोकळं राहिलं. मग डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, तुंब्यावर, खैराच्या लाकडाचा एक जाड गोल ठोकला. त्या गोलाला चार टेंगळं ठेवली. तीन बुटकी, दोन-दोन बोटं उंच, चढउतार सारखा. चौथं चार बोटं उंच आणि चढ संपला की एकदम तुटलेलं. साट्याच्या डाव्या कडेखाली लाकडी बूट लावला, तो या गोलावर टेकायचा. चाक फिरलं की टेंगळं बुटाखालून जायची. तीन वेळा साटा हळू उचलायचा आणि हळू बसायचा, चौथ्या वेळेला उंच जाऊन धप्पकन पडायचा.

सांगायला सोपं. करायला तीन दिवस गेले. पहिला गोल चिरला. दुसऱ्याचं चौथं टेंगूळ इतकं ताठ झालं, की बूट त्यावर चढेना आणि चाक अडलं. तिसऱ्याला ज्ञानूनं लोखंडी पट्टी मढवली. टेंगळांमधलं अंतर मनुबाईनं ठरवलं. ती दारात उभी राहून मोजायची, कारण डुलकीची चाल तिच्या कानात होती.

"एक... दोन... तीन... आत्ता! हां, उशीर झाला. जरा अलीकडं घ्या."

"किती अलीकडं?"

"मला काय इचारता? मी काय सुतार हाय?"

"मंग कशावरून सांगतीस?"

"मला हुप्प म्हणायला उशीर झाला यावरनं."

आकाराम कानसेनं अर्धं सूत घासायचा आणि परत चाक फिरवायचा. शनिवारी संध्याकाळी तिचा हुप्प आणि साट्याचा धप्प एका वेळी झाला. रविवारी बाजारातल्या हमालांकडून आकारामनं कांद्याच्या पाच भरलेल्या गोण्या आणवल्या. आठ पोरांचं वजन याहून जास्त होणार नाही, असं त्यानं धरलं. पाचही गोण्या साट्यात टाकून मैदानाच्या वीस फेऱ्या केल्या. गोण्या उडत होत्या. पाखऱ्या-चिमण्या रवंथ करत चालले होते. लालासाहेबानं मिशीवर हात फिरवला. "बैलांस्नी ठावंच न्हाई मागं काय चाललंय ते!"

त्या रविवारी साडेनऊला मनुबाई पहिल्यांदाच टीव्हीपुढं नव्हती.

गाडी आणि बैल ट्रकनं माळावर पोचले तेव्हा तिथं मुंबईची प्लायवूडची गाडीही टेम्पोतून उतरत होती. लाल-पिवळी, चकचकीत, दोन माणसांनी उचललेली. निमिष आकारामच्या गाडीखाली जाऊन बघून आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना वंगण लागलं होतं.

"काका, हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"बैलांनी."

एकच गोष्ट उरली होती. कॅमेऱ्याला चाक वाकडं दिसायला हवं होतं. निमिषनं पत्र्याचा एक वाकडा गोल कापला, त्यावर आडवेतिडवे आरे रंगवले आणि तो चाकाच्या बाहेरून लावायला निघाला.

"खिळा मारायचा न्हाई," आकाराम म्हणाला. "माझ्या आऱ्यात खिळा न्हाई."

"मग कसं लावू?"

"दोरीनं बांध. चांगली बांध. मी बघतो."

त्यानं तिथल्या तिथं सहा गाठी मारून दाखवल्या. निमिषच्या चार त्यानं सोडून परत बांधल्या.

भार्गवीनं आधी मुंबईची गाडी बघायचं ठरवलं. जीपला दोरी बांधली, दोन मुलं बसवली. गाडी निघाली, खडखडली, इकडं गेली, तिकडं गेली. मुखवटे घातलेली बाकीची सहा मुलं बाजूला गप्प उभी होती. सगळ्यांच्या मागून मनुबाईचा आवाज आला.

"ही कसली डुलकी? ही तर पिऊन चाललीया!"

मुलं हसली. सामान वाहणारे हसले. भार्गवी हसली नाही, पण तिनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं, दुसरी आणा."

इथं नवाच पेच निघाला. मुंगसेमामा झालेला नट सांगलीचा, नाटकातला कसलेला माणूस, अंगानं भरदार. त्याला बैलांची भीती वाटत होती. कासरा हातात दिला की तो टाकून खाली उतरायचा. शेवटी असं ठरलं, की लालासाहेबानं साट्याच्या तळाला पालथं पडून खरा कासरा धरायचा, वर नटानं खोटा धरायचा. म्हणजे आठ मुलं आणि वर दोन बाप्ये.

आकाराम पुढं आला. "थांबा. मी पाच गोण्यांचा भार धरला हुता. ह्ये सात झालं."

"चालणार नाही का?" भार्गवीनं विचारलं. "नसेल तर आत्ताच सांगा, काका. सूर्य डोक्यावर आला की मला काही घेता येणार नाही."

सगळे त्याच्याकडं बघत होते. टेम्पोवाला प्लायवूडच्या गाडीला टेकून बिडी ओढत होता. आकाराम खाली वाकला, बुटाकडं बघितलं, बिजागऱ्या हातानं चाचपल्या. पोरं वर असताना बूट फुटला तर डावं अंग खाली आपटणार आणि त्याच्या नावाला नव्हे, पोरांच्या पायांना लागणार. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता.

तो उभा राहिला. "जड माणसं उजवीकडं, बिजागरीच्या अंगाला. तिथं वजन पडलं तरी बुटाला कळायचं न्हाई. पोरं सगळी डावीकडं. आन् पैला फेरा पोरांबिगर."

"मग मुलांच्या जागी?"

"मी बसतो. आन् ह्ये चार गडी बसतील." त्यानं सामान वाहणाऱ्यांकडं बोट केलं. "पोरांपेक्षा आमी जड. आमी ऱ्हायलो तर पोरं ऱ्हातील."

साठी ओलांडलेला सुतार आणि चार हमाल डाव्या कडेला दाटीवाटीनं बसले, नट आणि लालासाहेब उजवीकडं. गाडी निघाली. एक, दोन, तीन, आणि सगळे वर. आकारामची टोपी उडून मागं पडली. त्याला स्वतःच्याच गाडीत बसायची सवय नव्हती. तो साट्याची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि मान वाकवून बुटाचा आवाज ऐकत होता. माळाच्या टोकापर्यंत जाऊन गाडी परत आली. तो उतरला, खाली शिरला, बूट, पट्टी, बिजागऱ्या पाहिल्या आणि बाहेर येऊन हात पुसले.

"बसवा पोरं."

आठ मुलं चढली. ससा, कोल्हा, दोन खारी, एक कासव आणि काय काय. भार्गवीनं हाक दिली. कॅमेरा फिरला. पाखऱ्या-चिमण्या अर्धे डोळे मिटून चालू लागले. मुलांना कुणी काही म्हणायला सांगितलं नव्हतं. पण पहिली डुलकी बसली आणि एका खारीनं मुखवट्यातून मोठ्यानं 'एक' म्हटलं. दुसऱ्या डुलकीला चौघांनी 'दोन' म्हटलं. 'तीन' सगळ्यांनी. आणि चौथ्याला आठही मुलं हवेत, आठही तोंडांतून 'हुप्प!' नटाचा मफलर उडाला. खालून लालासाहेबही ओरडला, पण ते घाबरून. पुढचे सगळे फेरे मुलांनी असेच मोजले. भार्गवी थांबा म्हणायची विसरली आणि गाडी माळाच्या टोकाला लागली तेव्हा कुठं तिला आठवलं.

"हुप्प असंच ठेवायचं," ती निमिषला म्हणाली. "लिहून घे."

टेम्पोवाल्यानं बिडी विझवली आणि प्लायवूडची गाडी परत चढवायला माणसं शोधू लागला.

दुसरी फिल्म एप्रिलात कवठे महांकाळकडं होती. निमिषनं आकारामला म्हटलं, गाडी आम्ही ट्रकनं नेतो, तुम्ही कशाला त्रास घेता? आकाराम म्हणाला, एक दिवस येतो, बसवून देतो. तो बारा दिवस राहिला. मनुबाईही राहिली, कारण चाल मोजायला कुणीतरी हवं होतं.

तिकडचा उन्हाळा कोरडा. मुरमाड माळ, तापलेलं वारं. अशा हवेत लाकूड आटतं आणि धाव सैल होते. चाकांना गोणपाट गुंडाळून रोज भिजवायला हवं होतं, आणि पाणी टँकरनं यायचं, तेही मोजून. आकारामनं तोड काढली. गाडीजवळ फरशी टाकली आणि सगळ्या बाप्यांना सांगितलं, की आंघोळ करायची ती चाकाशेजारी उभं राहून, पाणी गोणपाटावर पडलं पाहिजे. पहिल्या दिवशी लोक लाजले. तिसऱ्या दिवशी नट स्वतःच ओरडत होता, "अरे, उजवं चाक कोरडं आहे, कोण राहिलंय आंघोळीचं?"

शेवटच्या दिवशी सकाळीच काम संपलं. निमिष म्हणाला, "गाडी आता गोडाऊनला जाईल, काका. तिसरी फिल्म पावसाळ्यानंतर." आकारामनं साटा उचलून चौथं टेंगूळ बघितलं. लोखंडी पट्टीची कड गोल झाली होती. चार माणसांना दाखवलं तर चौघांनाही फरक दिसला नाही.

त्यानं अवजारांची पिशवी उघडली आणि लिंबाच्या सावलीत नवी पट्टी घासायला बसला.

"आवं, गाडी निघाल्याली हाय ती," मनुबाई म्हणाली. "सा म्हैने झाकून ऱ्हाणार. कोण बगतंय?"

"सकाळच्या शेवटच्या फेऱ्याला तू हुप्प म्हणालीस, त्येच्या मागनं उडी पडली."

"व्हय, थोडी मागनं पडली. पर पोरांस्नी काय कळलं न्हाई."

"तुला कळलं का न्हाई?"

"मला कळलं."

"मंग धर ह्ये टोक," तो म्हणाला, "आन् हालवू नगंस."

तिनं पट्टीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. ट्रकवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. आकारामनं मान वर न करता कानस चालवली आणि म्हणाला, "त्येला म्हणावं, च्या पिऊन ये."